बेल न वाजवलेला नायक

इंदिरा नगरात आमच्या खाली राहणाऱ्या वहिनी म्हणजे एकटीनं चालवलेलं अख्खं ग्रंथालय! नायक घर सोडून जातो तिथेच बंद पडलेल्या एका टीव्ही मालिकेवर चाहत्यांनी नेटवर लिहिलेल्या कथा त्या ई-रीडरवर उतरवून घेतात आणि डाळ-तांदळाचे डबे लावावेत तशा फोल्डरांत लावतात. नायक घरी आला, तर कथा ‘परतला’ फोल्डरात. नाही आला, तर तिथल्या तिथे डिलीट! नवरा भांडून निघून गेला तेव्हापासून हा उद्योग सुरू आहे, पण तसं तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

एका कथेत नायक दारात येऊन उभा राहतो आणि तिथेच लेखिका कथा अर्धवट सोडून गायब होते. ती कथा ‘परतला’मध्ये दिसली, तेव्हा मला राहवेना.

“वहिनी, ही चीटिंग आहे. यानं अजून बेलसुद्धा वाजवलेली नाही!”

“अच्छा? मग हाकलून देऊ त्याला? दारापर्यंत तर आलाय ना, भाऊजी!”

मी हात जोडले. तेवढ्यात गेटशी स्कूटर थांबली. वहिनींचं बोट स्क्रीनवर थबकलं. स्कूटर पुन्हा सुरू झाली आणि शेजारच्या घराकडे गेली.

वहिनींनी तीच कथा पहिल्या पानापासून उघडली.