भागतं आमचं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच, आणि आता तिला सांगण्याची सोयही राहिली नाही. तिला जाऊन पावणेदोन महिने झाले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मधेच माझा हात धरून ‘जाऊ दे गं, लहान होतीस तेव्हा’ असं म्हणणार नाही. मी सोळा वर्षांची होते. तेवढं लहान कुणी नसतं.

आधी आईबद्दल सांगते. मुद्दा लांबवते आहे, कळतंय मला — पण तिच्याशिवाय हे सांगताच येणार नाही.

भोईवाड्यातल्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली. बाबा एका खासगी कंपनीत कारकून होते. आजोबाही कारकून होते. पेन चालवून पोट भरायचं, अशी आमच्या घराची रीत. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले आणि आईच्या हातात लाटणं आलं. ती दादरला पाच घरी पोळ्या करायला जाऊ लागली. जाताना इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स — कचेरीत निघाल्यासारखी. एका घरातले आजोबा आजारी पडले, तेव्हा त्यांनी दवाखान्यातून निरोप पाठवला होता, की घास जातो तो फक्त बाईंच्याच पोळीचा. हे आईने मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या सुनेने सांगितलं. माझी मान तेव्हा जी ताठ झाली ती आजतागायत तशीच आहे. त्या ताठपणानेच पुढचं सगळं केलं — नाही, असं कसं? मीच केलं.

एकट्या पडलेल्या बाईला सरकार दरमहा थोडी रक्कम देतं, हे तुम्हाला माहीत असेल. आईलाही मिळायची. पुरते का हो ती? आमच्या घरी तेवढ्यात गॅसचा सिलिंडर यायचा आणि दुधाचं बिल जायचं, एवढं मला नक्की आठवतं. वह्या, लाइट, भाडं, ताप आला तर डॉक्टर — ते सगळं लाटण्यावर. आणि गंमत अशी, की लाटण्याचं नाव काढायचं नाही. उत्पन्नाची अट इतकी खाली ठेवलेली, की जी बाई मूल जगवण्यापुरतं कमावते ती अटीत बसतच नाही. त्या रकमेवर भागवणारी बाई फक्त अर्जात राहते. चाळीत तशी एकही नव्हती, तरी अर्ज चौघींचे होते. आता रक्कम वाढली आहे. गॅसही वाढला आहे.

तर वर्षातून एकदा कचेरीतून कुणीतरी घर बघायला यायचं. त्यासाठी चाळीची एक पद्धत ठरून गेली होती. फाइल घेतलेलं माणूस जिन्यात दिसलं, की शेजारची नलूकाकी गॅलरीतून आवाज द्यायची. मग आमचा मिक्सर आणि छोटा टीव्ही तिच्या खोलीत. कामावरची आई ‘दवाखान्यात’. मी जुना फ्रॉक घालायचा आणि विचारलं तर म्हणायचं — भागत नाही. नलूकाकी मूळची मालवणची, तोंडाने फटकळ, आईची एकमेव मैत्रीण. दोघींच्या खोल्यांमधून वाटी सतत फिरत असे. ती कधी रिकामी परत जात नसे. घरात काही नसलं तर आई चमचाभर साखर तरी घालायचीच.

त्या वर्षी मी दहावीत होते. शाळेत पहिली. निबंधाचं बक्षीस मिळालेलं. आणि त्या योजनेच्या कागदावर आईच्या नावापुढे ‘निराधार’ असं छापलेलं असायचं. मला ती शिवी वाटायची. हे कारण म्हणून सांगते. ते पुरेसं नाही, मला माहीत आहे.

दुपारी नलूकाकी धावत आली. “गो, मिक्सर दी लवकर! कचेरीतली बाई जिनो चढता हा!”

“राहू दे, काकी,” मी म्हटलं.

“खुळा लागला काय तुका?”

मी मिक्सर हलवला नाही. उलट शाळेचा इस्त्रीचा ड्रेस घातला. सतरंजीवर चादर अंथरली, बक्षिसाचं पुस्तक दिसेल असं ठेवलं. पोहे केले. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला असं विचारतात, मग तो कशालाही आलेला असो. ते पोहे फार चांगले झाले होते. पाहिलंत? अजूनही मी हे अभिमानाने सांगते आहे.

ती बाई आईच्याच वयाची होती. घामेजलेली, दमलेली. तिने पोहे खाल्ले, मिक्सरकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि पेनचं टोपण लावून टाकलं.

“आई कुठंय?”

“कामाला. पाच घरी पोळ्या करते.”

तिने पोह्यांची बशी बाजूला ठेवली. मग हळू म्हणाली, “बाळ, मी अजून काही लिहिलेलं नाही. नीट विचार करून सांग. भागतं का तुमचं?”

तिने दार उघडून दिलं होतं. हे मला तेव्हाही कळलं होतं — तुमच्यापासून काय लपवायचं? मला सगळं कळत होतं. दारात नलूकाकी उभी होती, हातवारे करत, मान हलवत. तिच्याकडे बघूनच मी म्हणाले, “भागतं आमचं. व्यवस्थित भागतं.”

बाईने सुस्कारा टाकला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. जबाब मीच लिहिला. टपोऱ्या अक्षरात, सरळ ओळीत. “अक्षर छान आहे तुझं,” ती म्हणाली. मी हसले. जाताना गॅलरीत नलूकाकीने तिला गाठलं आणि बराच वेळ हात जोडून काहीतरी सांगत राहिली. ती आमच्यासाठी रदबदली करत होती. पण समोरच्या गॅलरीतून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं, की नलू कचेरीतल्या बाईच्या कानाला लागली आहे.

पैसे थांबले. आई कचेरीत दोनदा जाऊन आली. घरभेटीत उत्पन्न आढळलं, एवढंच तिला सांगितलं गेलं. मला तिने विचारलं, “त्या दिवशी बाई आली तेव्हा कोण होतं गं?”

मी म्हटलं, “नलूकाकी होती.”

खोटं नव्हतं ते. एवढं नेटकं, एवढं खरं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही. बाकीचं समोरच्या गॅलरीने सांगितलं. आणि नलूकाकी? ती पहिल्यांदा खूप भांडली, “मी कोणाक काय सांगूक नाय” म्हणून ओरडली. माझ्याकडे मात्र तिने एकदाही बोट दाखवलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. पोरीच्या दहावीचं वर्ष आहे, असं काही तिच्या मनात आलं असेल का? मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

आई म्हणाली, “पैसे गेले तर जाऊ देत मेले. पण नलूने करावं हे?” त्या संध्याकाळी नलूकाकीची वाटी तिने घासली, पुसली आणि त्यांच्या उंबरठ्यावर ठेवली. रिकामी. मी दारातून पाहत होते.

अठरा वर्षं. तुम्ही चाळीत राहिला असाल तर कल्पना येईल — एकाच गॅलरीत कपडे वाळत घालायचे, एकाच नळावर उभं राहायचं आणि बोलायचं नाही. आईने आणखी दोन घरं धरली. तिचं मनगट सुजायचं, त्यावर ती बाबांचा जुना रुमाल करकचून बांधायची आणि निघायची. तिच्या त्या सात घरांवर मी बी.ए. झाले, ग्रंथपाल झाले. पदवीदान समारंभाला ती सगळ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसली, कुणी उठवलं तरी उठली नाही. तिचा मला किती अभिमान होता, हे तिला ठाऊक होतं. त्या अभिमानाची किंमत तिने भरली, आणि तिच्याबरोबर नलूकाकीनेही, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

सांगायची संधी नव्हती असं म्हणू नका. शेवटच्या आठवड्यात, वॉर्डात, मी तिचे केस विंचरत होते. ती एकदम म्हणाली, “नलू कशी आहे गं?” तिच्या आवाजात राग उरला नव्हता. त्याच क्षणी दोन वाक्यं बोलायची होती. वीस मिनिटांवर घर, नलूकाकी टॅक्सीने धावत आली असती. मी वेणी घालत राहिले. म्हटलं, “बरी आहे.”

तिला वाटत आलं होतं, की तिची मुलगी फार सरळ आहे. ते मी तसंच राहू दिलं. आईच्या मरणापेक्षा मला माझं नाव जास्त प्यारं होतं — हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आई गेली त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नव्हती. नलूकाकी पातेलंभर पेज घेऊन आली. अठरा वर्षांनी तिने आमचा उंबरठा ओलांडला. आईच्या फोटोसमोर बसली आणि माझ्याशी नाही, फोटोशीच बोलली, “मी सांगूक नव्हतंय गो, बाय. तुका पटला नाय.” मी तिथेच होते, दोन हातांवर. ती उठताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. मी तो फिरवू दिला.

तिचं पातेलं अजून माझ्या ओट्यावर आहे. घासून ठेवलेलं. पावणेदोन महिने मी त्यात काय घालून परत करायचं, याचा विचार करते आहे. काल साखर काढली आणि पुन्हा डब्यात ओतली.

नलूकाकीला आता वाचायला दिसत नाही. म्हणजे हे कागद मलाच वाचून दाखवावे लागतील, मोठ्याने, तिच्या दारात, समोरच्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात. अक्षर आजही छान आलं आहे. ओळी सरळ आहेत.

दुपारचे चार वाजलेत. ती आता उठली असेल. मी पातेलं रिकामंच घेऊन जाते आहे.