एकाच यंत्राची हजेरी

मेलो गावात मिल्तोन एचेवेरीला सगळे हट्टी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. वेबसाइट उभारायची एक चौकट, म्हणजे संगणकातला तयार सांगाडा, तो आणि आणखी सहा जण फुकट सांभाळत. सहाही जण परगावचे, पडद्यावरच भेटलेले. नवी आवृत्ती काढायची झाली की ती किती जुन्या संगणक-यंत्रणेवर चालू ठेवायची, हे आधी ठरायचं. प्रस्ताव तीस दिवस मांडून ठेवायचा. कोणी काही बोललं नाही तर मंजूर. एकाने जरी हरकत घेतली तरी सगळं अडलं. सगळ्यात जुनी यंत्रणा सोडून द्यायचा प्रस्ताव मिल्तोनने दोनदा अडवला होता, आणि आता तो तिसऱ्यांदा मांडला होता.

"मिल्तोनकाका," त्या सहांतली रोसारिओची ब्रिसा पडद्यावरच्या बैठकीत म्हणाली, "त्या म्हाताऱ्या यंत्रणेला आम्ही अजून किती दिवस कडेवर घेऊन हिंडायचं हो?"

"एक वाचनालय तिच्यावर चालतं."

"एकच ना?"

"एकच. पण चालतं!"

खोटं वाटलं तर हजेरी बघा, म्हणाला. चौकट कुठेही सुरू झाली की नाव न सांगता हजेरी लावायची, आणि जुन्या यंत्रणेवर दोन वर्षं रोज नेमकी एक हजेरी लागत होती.

ते वाचनालय त्याच्या बायकोचं, एलिदाचं. तिथली पुस्तकांची यादी त्यानेच या चौकटीवर बांधून दिली होती आणि एलिदाने एकेक पुस्तक त्यात भरलं होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिने लिहिलेलं कोणीतरी रोज उघडतंय, एवढ्या एका गोष्टीवर मिल्तोन दिवस ढकलत होता.

एकोणतिसाव्या दिवशी त्याला वाटलं, पोरांना तरी किती अडवायचं? आपणच जाऊन ती यादी नव्या यंत्रणेवर हलवावी. काखेत थर्मास मारून तो बसने एलिदाच्या गावी गेला.

"अगोबाई, मिल्तोन!" आता वाचनालय बघणारी सुल्मा उठून उभी राहिली. तो कशाला आलाय ते ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. "अहो, ते यंत्र आम्ही दोन वर्षांपूर्वीच काढलं. नवीन आलं, त्याच्यासोबत यादीही नवी आली. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?"

"मग रोज हजेरी लावतं कोण?"

कसली हजेरी, ते सुल्माला ठाऊक नव्हतं. तिने त्याच्याच थर्मासातलं गरम पाणी येर्बाच्या चहासारख्या पाल्यावर ओतून पेला त्याच्या हाती दिला. तो पिऊन निघाला.

परतीच्या बसमध्ये त्याला उलगडा झाला. घरी मागच्या खोलीत जुना संगणक होता, त्यात एलिदाच्या यादीची नक्कल. काही मोडलं तर नाही ना, हे बघायला तो रोज सकाळी ती उघडायचा. दोन वर्षं जगाशी भांडला तो एकट्या स्वतःसाठी. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त एकटं वाटलं.

तिसाव्या दिवशी त्याने लिहिलं, "हरकत नाही." पोरांनी नाचणारी चित्रं पाठवली.

नवी आवृत्ती निघाली. आठवड्याने ब्रिसाचा निरोप आला, "काका, जुन्यावर अजून एक हजेरी लागतेय. कोण बापडा आहे कोण जाणे. त्याला कळवायला हवं."

"त्याला माहीत आहे," मिल्तोनने लिहिलं, आणि मागच्या खोलीत जाऊन संगणक सुरू केला.