बुरशीला आंबील

तुरीच्या रोपात एक बुरशी राहते. रोग करत नाही, उलट मुळाला थोडी मदतच करते. आत कुणी राहतंय याचा बाहेरून पत्ता लागत नाही. बिदर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात, तासांमधून वेळ काढून, मी काही वर्षं या बुरशीवर काम केलं. पन्नाशीला आलेल्या बाईनं पीएच.डी. करावी हे इथं फार कुणाला पटत नाही. पटवत बसायला मला वेळ नव्हता.

प्रश्न सोपा होता. अन्न संपलं की बुरशीची पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग गुंडाळते, विरघळवते आणि त्यावर दिवस काढते. याला स्वभक्षण म्हणतात आणि ते घडवून आणणारी ठरावीक जनुकं असतात. त्यांतलं एक जनुक बिघडवलेली बुरशी माझ्याकडे होती. ताटलीत भरपूर साखर दिली तर ती मूळ बुरशीइतकीच वाढायची. पण रोपाच्या आत, जिथं हात आखडूनच वाढलं जातं, तिथं ती टिकेल का? म्हणून कॉलेजच्या मागच्या बंद खोलीत, दिव्यांखाली, निर्जंतुक वाळूत तुरीची रोपं लावली. अर्ध्या कुंड्यांत मूळ बुरशी, अर्ध्यांत बिघडवलेली. खत जवळजवळ नाहीच. उपासमार हाच प्रयोग होता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर उभं होतं आणि विद्यापीठाची मुदत उन्हाळ्यात संपत होती.

त्या वर्षी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, परीक्षेत आली. आमच्याकडे या अमावास्येला घरी कुणी थांबत नाही. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी करायची, डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी खायची आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील उभ्या पिकावर शिंपायची. त्याला चर शिंपणं म्हणतात. मला स्वतःला हा सण आवडतो. पण परीक्षेमुळं त्या दिवशी कुणालाच सुटी नव्हती.

दुपारी पर्यवेक्षण संपवून खोलीकडे आले तर दार सताड उघडं. पानांवरून आंबील ओघळत होती, वाळूवर पांढरे डाग. आमचे प्राचार्य कडुलिंबाचा डहाळा घेऊन शेवटच्या कुंडीपाशी उभे आणि घडा हिंदीच्या सरांच्या हातात.

"या अक्का, तुमचीच वाट बघायलोव," प्राचार्य म्हणाले. "शेताला जायला मिळालं न्हाई. म्हटलं, कॉलेजचं शेत हेच. तूर बी हाय."

"दार कुणी उघडलं?"

"ऑफिसात दुसरी चावी हाय की. आम्ही काय परके हाव का?"

"आत येऊ नये असं लिहिलंय दारावर."

"ते पोरांसाठी असंल."

हिंदीचे सर हसले. "कामून चिडायलाव, अक्का? प्रसादच हाय. रोपं बघा कशी वाळकी. उपाशी मारायलाव बिचाऱ्यांना."

"उपाशीच ठेवायची होती! दोन महिने तेवढंच करायले मी!"

मग तिथंच उभी राहून बोलले. ताक आणि पीठ म्हणजे आयतं अन्न, वर जिवंत जिवाणू. आता बिघडवलेली बुरशी टिकली तर ती उपासात टिकली की आंबिलीवर, कुणी सांगायचं? मुळात दुसरं काही सापडलं तर ते रोपातलं की घड्यातलं? प्राचार्य रसायनशास्त्राचे. त्यांना सगळं कळत होतं, आणि मला संताप त्याचाच आला. कळूनही म्हणाले, "चार थेंबांनी काय होतंय? धुवून टाका."

संध्याकाळी माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "सगळ्या कुंड्यांत पडली ना? मग तुलना चालेल. प्रबंधात आंबिलीचा उल्लेख कशाला?" प्राचार्यांनी प्रयोग नासवला होता. हे गृहस्थ मला तो नासलेला प्रयोग चांगला म्हणून लिहायला सांगत होते. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. जनुक बदललेली बुरशी तशीच फेकता येत नाही. रोपं वाळूसकट वाफेच्या दाबाखाली शिजवावी लागतात. दिवसभर खोलीत शिजलेल्या पाल्याचा आणि आंबट ताकाचा वास होता. हात भाजला. मदतीला कुणी आलं नाही, मीही कुणाला बोलावलं नाही.

मुदतवाढीच्या अर्जाला प्राचार्यांचा शेरा लागतो. त्यांनी लिहिलं, तांत्रिक अडचण.

"खरं लिहा," मी म्हटलं.

"विद्यापीठ हसंल की अक्का."

"हसू द्या. माझा आळस समजण्यापेक्षा बरं."

"माझं बी नाव येतंय त्यात."

"येऊ द्या."

मी खुर्चीवर बसले नाही, टेबलापाशी उभीच राहिले. बाहेर परीक्षेची घंटा झाली, शिपाई दोनदा डोकावून गेला. शेवटी त्यांनी ते खोडलं, काय झालं ते लिहिलं आणि सही केली. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आता तरी राग गेला का?"

"न्हाई."

मुदत मिळेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याच दुपारी नवी वाळू निर्जंतुक करायला घातली.