एका पानावरच्या दोन अळ्या

आमच्या सासूबाईंच्या लेखी अळ्यांच्या दोनच जाती: लाडकी आणि नतद्रष्ट. लाडकी म्हणजे शेडमधली पांढरी, गुबगुबीत रेशीम अळी. नतद्रष्ट म्हणजे बागेत तुतीचं पान गुंडाळून आत लपणारी हिरवी. खाणं दोघींचं एकच, तुतीचा पाला. सूतही दोघी काढतात.

"पण पांढरी ते आपल्याला देते. ही मेली स्वतःचं घर शिवते," सासूबाई म्हणायच्या.

"म्हणजे शहाणी हिरवीच की, आई!"

"तुझ्या तोंडी कोण लागणार, बाई!"

खोटं नव्हतं माझं. हिरवीला बोट लावा, ती सुतावरून खाली उतरून पसार. पांढरी मात्र पान मिळालं नाही तरी ट्रे सोडत नाही, उपाशी वाट बघते. असल्या भोळ्या जिवांना सासूबाईंनी बावीस वर्षं पोसलं.

हिरवीसाठी बागेत औषध मारलं, की तो पाला पांढरीला विष. किती दिवस थांबायचं ते बाटलीवर छापलेलं असतं, पण आमच्या घरात ते कोण वाचतंय? सासूबाई पान चुरगळून नाकाला लावत आणि निकाल देत. एकदाही चुकल्या नव्हत्या.

यंदा अळ्यांना कोष धरायला तीन दिवस उरले आणि वरच्या बागेतला पाला संपला. खालच्या बागेत मी नऊच दिवसांपूर्वी फवारलं होतं. तिथला पाला मी तोडून आणला. सासूबाईंनी एक पान हुंगलं.

"गेलाय वास. घाल."

मी घातला.

दुपारी शेडमध्ये पाऊल टाकलं, तर काय! अळ्या माना ताठ करून हिरवं पाणी ओकत होत्या. संध्याकाळपर्यंत सगळे ट्रे थंड. एकही जागची हलली नव्हती.

सासूबाई खांबाला टेकून मटकन बसल्या.

"गेल्या हिवाळ्यात ताप आला ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही गं."

मी हादरलेच. आठ महिने ही बाई नुसती पानं नाकाला लावत होती!

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर या घरात मला कोणी काय विचारलं असतं?" त्यांनी वर पाहिलं. "पण तोडलास तर तूच. तुला नाही आला वास?"

आला होता. चांगला भपकारा आला होता. पण त्या 'घाल' म्हणाल्या होत्या.