कुंड्यांवरची हळद

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायला माझी ना नाही. आमच्या घरी ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फौजेतली ट्रंक, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. पण प्रयोगातल्या कुंड्यांना? अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

इस्लामपूरजवळच्या एका कॉलेजात मी पीएचडी करत होते. हवेतला नत्र धरून पिकाला देणारा एक जीवाणू उसाच्या मुळात खरंच शिरतो का, एवढंच बघायचं होतं. आता सूक्ष्मदर्शकाखाली सगळे जीवाणू सारखेच. आपला कुठला ते कळणार कसं? तर समुद्रात एक जेलीफिश असते. तिच्या अंगात जीएफपी नावाचं प्रथिन असतं, निळा प्रकाश पडला की हिरवं चमकणारं. त्या प्रथिनाचा जीन आपल्या जीवाणूत घालायचा. मग तो जिथं जाईल तिथं हिरवा दिसतो. चरायला सोडलेल्या म्हशीच्या गळ्यात घंटा बांधतात, तसंच. कर्करोगाच्या पेशी अंगात कुठं पसरतात हेसुद्धा उंदरांमध्ये असंच बघतात. मला तर त्या हिरव्याचं वेडच लागलं होतं.

निम्म्या कुंड्यांत जीवाणू घातला होता, निम्म्यांत काहीच नाही. दोन्हींत बाकी सगळं सारखं हवं, माती, पाणी, ऊन, सगळं. फरक दिसला तर तो जीवाणूमुळंच, असं तेव्हाच म्हणता येतं.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, मुळं धुतली, काप घेतले आणि बघते तर काय! जीवाणूवाल्या कुंड्यांतली मुळं हिरवीगार चमकत होती. दुसरीकडं ठार अंधार. मी तिथल्या तिथं उड्या मारल्या, माझ्या मार्गदर्शक सरांना फोटो दाखवला, आबांना फोन केला. आबांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या कुंड्यांना पाणी घालताना उसाच्या बुडाशी पिवळं दिसलं. हात लावला, तर हळद, पाण्याबरोबर मुळांकडं उतरलेली. खंडेनवमीला सरांनी स्वतः पूजा केली होती, नारळ फोडून.

"सगळ्या कुंड्यांची केली का, सर?" मी विचारलं.

"छे गं. जीवाणूवाल्यांची केली. रिकाम्या कुंडीची कसली पूजा?"

घरून आणलेली हळद चिमूटभर घेतली, रिकाम्या कुंडीतल्या मुळाला चोळली, मूळ पाण्यानं धुतलं आणि निळ्या प्रकाशाखाली धरलं. तस्सं हिरवं! आमची सांगलीची हळद, तिला कुठली जेलीफिश लागते? मग जीवाणूवालं मूळ वरून निर्जंतुक केलं, कुटलं आणि आतला जीवाणू उगवतो का बघायला बशीत ठेवलं. एकसुद्धा हिरवा ठिपका उगवला नाही. जीवाणू मुळात शिरलाच नव्हता.

सरांना सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "हळद शुभ असते. तू फार खोलात जाऊ नकोस. शेतकरी मेळाव्यात फोटो लावायचाय." म्हणजे चुकून झालं ते एकवेळ सोडा, आता हे जाणूनबुजून! आणि तिथं त्याच जीवाणूच्या बाटल्या वाटायच्या होत्या, न चमकणाऱ्या साध्या जातीच्या. युरिया बंद करा आणि हे घाला, म्हणे. मी भांडले. "पुन्हा प्रयोग करू, सर, फक्त पुन्हा करू," असं किती विनवलं. काडीचा उपयोग झाला नाही.

मेळाव्याला हॉल खच्चून भरला होता. भिंतीएवढ्या पडद्यावर माझा फोटो. तेवढ्यात मागून आबा उठले. छाती फुगवून म्हणाले, "ही माझी पोरगी हाय. तिनं बघितलंय न्हवं, मग मी औंदा युरियाचं पोतं शिवणार न्हाई."

माझ्यानं राहवलं नाही. उठले आणि माईक नसतानाच ओरडले, "आबा, ते जीवाणू न्हाईत! हळद हाय ती! पूजेची हळद!"

सर हसले. "लेकरू दमलंय. रात्रंदिवस काम करतं." सगळे हसले, टाळ्यासुद्धा पडल्या. माझ्या सत्याचं कौतुक झालं, लेकराचं करतात तसं. कानशिलं तापली. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

बाहेर बाटल्यांसाठी रांग लागली होती. रांगेत आबा. मी त्यांना दंड धरून बाजूला ओढलं. "आबा, तुमचा माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?"

"हाय की. तू म्हणतीस म्हंजे हळदच असणार."

"मग इथं कशाला उभं राहिलाय?"

आबांनी सरांकडं बघितलं. सर दाराशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते. फौजेत कुणापुढं न वाकलेला माझा बाप खालच्या आवाजात म्हणाला, "उसाला घालणार न्हाई गं मी. पर तुझी पदवी त्यांच्या हातात हाय. तुझ्या बापानं बाटली घेतली, एवढं त्यांना दिसू दे."

आणि ते पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.