हलवून पाह्य वं

जायच्या आदल्या दुपारी ह्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पलंग पडवीत आणून ठेवला होता. समोर त्यांचं दगड कापायचं यंत्र, आणि खाली बादलीजवळ बटाट्यासारखा वेडावाकडा एक दगड. "तेवढा उघडून दे मले," म्हणाले, "आत काय आहे ते पाहून जातो." जातो म्हणाले, आणि मी नेहमीसारखी डाफरले, "असं काहून बोलून राहिले तुम्ही?" ते हसले. माझ्या डाफरण्याची त्यांना आयुष्यभराची सवय...

आमचं घर विणकरांचं. सासऱ्यांचा हातमाग बंद पडला, त्याचं लाकूड माळ्यावर गेलं, आणि हे बुटीबोरीच्या एका कारखान्यात फिटर झाले. निवृत्तीनंतर लोक बागेत फिरायला जातात, ह्यांना दगडांचा नाद लागला. नदीच्या पात्रातून, खाणीच्या मुरमातून अकीक वेचून आणायचे. बाहेरून अगदी भिकार दिसणारे, पण कापले की आत पातळाच्या काठासारख्या पांढऱ्या-तांबड्या रेघा. जुन्या मोटरीला हिऱ्याच्या धारेची चकती बसवून यंत्रही घरीच जमवलं. कापलेला दगड कधी विकला नाही, ज्याला त्याला वाटत सुटायचे. कामठीची माझी बहीण म्हणायची, सगळ्यांचे भाऊजी साडी देतात, आमचे गोटा देतात.

ह्या कामात कापणं सोपं, धरून ठेवणं अवघड. यंत्रात दगड आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या दोन्ही बाजू सरळ, दगडाला मात्र एकही बाजू सरळ नसते. इकडून आवळला की तिकडून डुगडुगतो. चकती अर्ध्यात असताना तो जरा जरी फिरला, तर चकती अडकून वाकते आणि दगडाचेही तुकडे होतात. म्हणून हे आधी दगड हातात घेऊन नुसतेच फिरवत बसायचे, चहा थंड होईपर्यंत. मग शिकंज्यात ठेवून फटींमध्ये पाचरी ठोकायचे. त्या पाचरी सासऱ्यांच्या मागाच्या सागवानी लाकडाच्या. लाकूड थोडं दबतं आणि दगडाला धरून राहतं, असं सांगायचे. हे सगळं झालं की हाक यायची, "ये वं, हलवून पाह्य!" मी जाऊन जोर लावायचा. किंचित हलला तरी सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. एकदा वैतागून विचारलं, तुम्हीच काहून नाही पाहत? तर म्हणाले, "ज्यानं बसवला त्याले तो घट्टच वाटते."

आणि हाक यायची ती नेमकी मी कणकीत हात घातला की. दगडाला कणीक लागली की वर कुरकुर. शेवटी मी एका हाताने कणीक मळायला शिकले. डावा हात कोरडा ठेवायचा, ह्यांच्या दगडासाठी.

तर त्या दुपारी दगड मी बसवला. पलंगावरून त्यांचं चालू होतं, "खालून दे पाचर... तिरपी नको... आता हळूच ठोक." मला घाम फुटला, पण बसला बाई एकदाचा. मग मी त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, आता तुम्ही हलवून पाहा. कोपराला माझा आधार होता. त्यांनी अंगठा दगडावर टेकवला, डोळे मिटले, जोर लावला. "पक्का बसला. लाव मशीन." इतके खूश दिसले की मला रडू येईल असं वाटलं. पण तेवढ्याने धाप लागली होती. म्हटलं, आता आराम करा, सकाळी उजेडात कापू. त्यांनी मान हलवली. ती सकाळ काही ह्यांना दिसली नाही.

तेरवी झाल्यावर मुलगी म्हणाली, आई, बाबांचा दगड कापून टाकू, त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, आधी हलवून पाह्य. तिने दोन बोटं टेकवली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "आई, हा तर हलून राहिला..."

मी तिथेच खाली बसले. ह्यांना नेलं तेव्हा रडले नव्हते, तेवढी रडले. केसभर हललेला दगड ह्या माणसाने कधी चालवून घेतला नव्हता. अंगठ्यात जोरच उरला नव्हता म्हणून कळलं नाही? की कळलं होतं, आणि मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं? हे आता कोणाला विचारू? कधी वाटतं पहिलं खरं, कधी दुसरं. दुसरं वाटतं त्या दिवशी जेवण जात नाही.

मुलगी तिच्या घरी गेली. मी सगळ्या पाचरी सोडल्या आणि दगड पुन्हा बसवला. एकटीनेच. शेजारचे म्हणतात, काकू, आम्ही पाहतो हलवून. मी नको म्हणते. तो घट्ट बसलाय असं मला वाटतं, पण बसवला मीच आहे. यंत्र झाकून ठेवलंय. दगड अजून शिकंज्यातच आहे.

सकाळी पोळ्यांना बसते तेव्हा पडवीचं दार उघडंच ठेवते. आता दोन्ही हातांनी कणीक मळायला काही हरकत नाही. मळून होते, परात बाजूला सरकवते, आणि पाहते तर डावा हात कोरडाच असतो.