सतरा नंबरची म्हातारी

समस्त लहानथोरांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, १९९९ सालच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, नववीच्या वर्गात, मी माझी तीनशे कलमांची हापूसची बाग एका मिनिटात गमावली. बाग माझी नव्हतीच, ही किरकोळ बाब सोडली तर प्रसंग फारच गंभीर होता.

बाग मिरजोळे गावाच्या अलीकडे, कातळावर. माझे बाबा तिथे राखणदार आणि आम्ही बागेतल्याच दोन खोल्यांत राहायचो. पाचवीत बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमचं घर कुठे गो?" मी म्हटलं, "आमच्या बागेत." यात खोटं काय होतं? पण तिचे डोळे असे काही मोठे झाले, की पुढची तीन-चार वर्षं मी त्या 'आमच्या'ला खतपाणी घालत गेले. आठवी संपेपर्यंत माझ्याकडे दहा गडी होते आणि एक हिरवी जीप.

नववीत घात झाला. बागेच्या मालकांचा मुलगा दुसऱ्या शाळेतून थेट आमच्या वर्गात आला. मला बघून ओळखीचं हसला आणि गप्प बसला. जूनपासून गप्पच. तो बागायतदारांचा, एवढं वर्गाला ठाऊक होतं; बाग कुठली, ते नाही. बोलला असता तर बरं, असं वाटायला लावणारं ते गप्प बसणं.

त्याच वर्षी मराठीच्या बाईंनी एक खूळ काढलं. दर शनिवारी अर्धं पान लिहायचं. घरातलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. नाव घालायचं नाही. बाई कागद पत्त्यांसारखे पिसायच्या, एकेक वाचायच्या आणि कोणाचा ते वर्गाने ओळखायचं. "गाइडात सापडेल ते मला नको," एवढीच अट.

आणि काय सांगू, काय काय निघायचं त्या कागदांतून! एकाने लिहिलं, आवाज फुटल्यापासून फोनवर सगळे मला बाबा समजतात, मीही 'हो, बोला' म्हणतो आणि मग मला मोठं झाल्याची भीती वाटते. कधी तोंड न उघडणाऱ्या एकीने लिहिलं, आई बंदरावर मासळीच्या लिलावात इतकी ओरडते की घरी आल्यावर खुणांनीच बोलते. रोज शेजारी बसणारी ही पोरं आतून एवढी मोठी आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी मात्र दर शनिवारी जीप लिहायचे. वर्ग लगेच ओळखायचा आणि बाई पुढचा कागद घ्यायच्या.

त्या शनिवारी जीप काही सुचेना. घंटा व्हायला आली, तेव्हा जे डोळ्यांसमोर होतं तेच खरडलं. बाईंनी ते वाचायला घेतलं:

"आमच्या बागेत झाडांवर रंगाने नंबर घातलेत. सतरा नंबरला आम्ही म्हातारी म्हणतो. ती एक वर्ष धरते, एक वर्ष रुसते. बाबा संध्याकाळी तिच्या बुंध्यावर हात ठेवून विचारतात, काय गो, यंदा तरी? काल वानर आले. बाबा डबा बडवत ओरडले, मेल्यांनो, दुसरीकडे जेवा, म्हातारीला दोन वर्षांनी मोहोर आलाय! चांगले आंबे पेटीत जातात, आम्ही खाली पडलेले, पडाचे खातो. म्हातारीला ते ठाऊक असावं. ती माझ्यासाठी एखादा मुद्दाम टाकते."

बाई थांबल्या. माझ्याच ओळी, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. हे मी लिहिलं?

मग मागून एक ओरडला, "पडाचे खातात म्हणजे बागायतदारच, बाई! चांगला हापूस ह्यांच्या नशिबात कुठला!"

"मग हिचा," कोणीतरी माझ्याकडे बोट केलं.

"हॅट! हिचा असता तर जीप नसती आली?"

सगळा वर्ग हसला आणि सगळी बोटं मालकांच्या मुलाकडे वळली. तो लालबुंद होऊन अर्धवट उठला. बाई म्हणाल्या, "सुरेख लिहिलंस रे!" टाळ्या सुरू झाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला फक्त बसून राहायचं होतं. बाग शाबूत, जीप शाबूत, दहाच्या दहा गडी शाबूत. पण म्हातारी त्याच्या नावावर जाणार? तीनशे कलमं त्याची असू देत. ही नाही!

मी उभी राहिले. "बाई, तो कागद माझा आहे. बाग ह्यांची. माझे बाबा तिथे राखणदार आहेत." आणि राहूनच जायला नको म्हणून, "जीप नाही."

टाळ्या थांबल्या. आता हसतील, म्हणून मी खाली बाकाकडे बघत राहिले. कोणी हसेना. मालकांचा मुलगा अजून तसाच अर्धवट उभा होता. आ वासून माझ्याकडे बघत, भर वर्गात, बाईंच्या देखत तो ओरडला,

"आयला, सतराला नाव आहे? मग अठराचं काय गो?"